डोंग हो ठसाचित्रं घरी करायची तर: काळी रेघ सगळ्यात शेवटी, आणि त्याआधीची सगळी कटकट

"काळा पसरला." "चमक बोटाला लागून येतेय." "पिवळा ठसा सरकला, डुकराचा कान बाहेर आला." ओळखीतले जे जे हल्ली व्हिएतनामच्या डोंग हो पद्धतीने ठसाचित्रं करून बघतायत त्यांचे मेसेज साधारण ह्या तीन वाक्यांत बसतात, आणि प्रत्येकाला वाटतं की छापताना आपला हात चुकला. हात बहुतेक वेळा चुकलेला नसतोच. चूक दिसते छापताना पण झालेली असते आठ-पंधरा दिवस आधी, खळीत नाहीतर कागदात, म्हणून हे एकदा क्रमाने लिहून टाकतेय. गावाचा इतिहास आणि कौतुक इथे मिळणार नाही, डोंग हो हे हनोईच्या पूर्वेला बाक निन्ह प्रांतातलं डुओंग नदीकाठचं गाव आहे एवढं पुरे.

## सुरुवातीलाच एक घोळ मिटवू

व्हिएतनामी ठसाचित्रं म्हटलं की लोक दोन पद्धती एकत्र करतात. हनोईतल्या हांग चोंग चित्रांत काळी रेघ आधी छापतात आणि मग ब्रशने हाताने रंग भरतात. डोंग होमध्ये बरोबर उलटं आहे. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, एक रंग छापायचा, वाळवायचा, मग दुसरा, आणि काळ्या रेघांचा ठसा सगळ्यात शेवटी. तुम्ही हांग चोंगचा व्हिडिओ बघून डोंग होचं सामान वापरलंत तर काळी रेघ आधी पडते, तिच्यावर ओला रंग बसतो, रेघेतली तांदळाची खळ परत भिजते आणि सगळं राखाडी चिखल होतं. शिवाय शेवटी येणारी जाड काळी रेघ रंगांच्या कडा झाकते, म्हणजे ठसा केसभर सरकला असेल तर तेही लपतं. हा फायदा हातचा घालवू नका.

## टप्पा १: सामान, आणि कशाला काय चालेल

कागद. तिकडे झो नावाच्या झुडपाच्या सालीचा हाताने केलेला कागद वापरतात. धागे लांब, कागद पातळ पण ओला झाला तरी फाटत नाही आणि पाणी पटकन पितो. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जातो तो नेपाळी लोकता कागद, दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत. ड्रॉइंग पेपर आणि कार्डशीट नको, कारण त्यांच्यावर कारखान्यात आधीच सायझिंग, म्हणजे पाणी पिऊ न देणारा लेप, केलेलं असतं, रंग वरच तरंगतो.

कागदावरच्या लेपातल्या चमकेसाठी शिंपल्याची पूड. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी पातळ चपटे शिंपले बसवलेले असतात ना, तसला पापुद्र्यासारखा सुटणारा, आतून मोत्यासारखा चमकणारा शिंपला लागतो. व्हिएतनामीत त्याला दिएप म्हणतात.

खळीसाठी चिकट तांदळाची पिठी. आसामचा बोरा तांदूळ मिळाला तर उत्तम.

बाकी: तुरटी, मलमलचं कापड, खलबत्ता, स्टीलची किंवा मातीची भांडी, ताठ केसांचा रुंद कुंचा आणि वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. हो, तीच, अंग घासायची. तिचं काम शेवटी येईल.

> सावधान: दुकानात "शंखजिरं द्या" म्हणू नका. नावात शंख आहे पण ती दगडाची पूड असते, कॅरमबोर्डवर टाकतात तसली. हाताला गुळगुळीत लागते आणि आपण फसतो, पण तिच्यावर खळ धरत नाही आणि मोत्याची चमक तर येतच नाही. माझा अर्धा किलोचा पुडा अजून पडून आहे.

## टप्पा २: काळा रंग आजच भिजत घाला

बाकी सगळं पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल पण काळा आज, कारण ह्याला महिने लागतात. डोंग होचा काळा बांबूच्या वाळलेल्या पानांच्या कोळशाचा असतो.

1. झाडाखाली पडलेली, कडकडीत वाळलेली पानं घ्या. हिरवी तोडून वाळवलेली नकोत, धूर फार होतो.
2. पत्र्याच्या डब्यात पेटवा. ज्वाळा बसली आणि पानं काळी होऊन अजून धगधगतायत त्या क्षणी घट्ट झाकण लावा. इथे दोन मिनिटं चहा आणायला गेलात तर परत येऊन पांढरी राख मिळते. राख म्हणजे राखाडी रंग, काळा कधीच नाही.
3. पूर्ण थंड झालं की चुरा करा, बरणीत भरा, वर चार बोटं पाणी. झाकण ठेवा पण हवाबंद करू नका.
4. आठवड्यातून एकदा काठीने ढवळा. निदान तीन महिने, जास्त ठेवलंत तर अजून मऊ.
5. वापरायच्या आधी खलून मलमलमधून गाळा. वर राहिलेलं परत खला, परत गाळा.

मी पहिल्या वेळी शहाणपणा करून ताजा कोळसा मिक्सरमधून काढला. दिसायला झकास काळा, पण छापल्यावर जवळून बघितलं तर रेघ सलग नव्हती, बारीक बारीक कणांची रांग होती, आणि वाळल्यावर बोट फिरवलं की अर्धी रेघ बोटावर. पाण्यात मुरल्यावर कोळशाचे कण जितके मऊ होतात तितके कोरडे वाटून होत नाहीत. दुसऱ्या वेळी बरणी बाल्कनीत ठेवली आणि तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलं की खालचं गटार तुंबलंय का. वास येतो, येणारच, रंग बिघडलाय असं समजून फेकू नका.

> तपासा: अंगठा आणि बोटात थेंबभर काळा चोळा. खरखर लागली तर अजून खलायचाय. बोटावरच्या बारीक रेषांत शाईसारखा जाऊन बसला तर झाला.

दिव्याची काजळी घेऊन वेळ वाचवायचा मोह होतो. तेलकट असते, पाण्यात मिसळत नाही, वर पापुद्रा धरते. पहिल्या प्रयत्नाला तरी तो उद्योग नको.

## टप्पा ३: खळ

सगळ्या चित्राचा जीव ह्याच्यात आहे. कागदाच्या लेपात खळ, प्रत्येक रंगात खळ, आणि दोन्हीकडची दाटी वेगळी.

चिकट तांदूळच का? त्याची खळ थंड झाली तरी लवचिक राहते. साध्या तांदळाच्या पेजेचा गार झाल्यावर कसा थर धरतो आणि खाली पाणी सुटतं, ते इथे झालं की लेप कागदावर तडकतो.

1. एक वाटी पिठी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. पाणी एकूण आठ वाट्या, हे माझं माप, पिठी जुनी असेल तर थोडं कमी लागतं.
2. उरलेलं पाणी उकळत ठेवून त्यात हे ओता आणि मंद आचेवर सतत ढवळा. पांढरट दिसणारी खळ पारदर्शक व्हायला लागली की अजून पाच मिनिटं.
3. गरम असतानाच मलमलमधून गाळा.
4. अर्धी खळ लेपासाठी तशीच. अर्धी परत आचेवर ठेवून आटवा, ही रंगांसाठी.

> तपासा: लेपाची खळ चमच्यावरून ताकाच्या कढीसारखी धार धरून पडली पाहिजे. रंगाची खळ श्रीखंडापेक्षा सैल, पण धार तुटत तुटत पडणारी.

> सावधान: खळ रोजची रोज करा. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे आंबते, आणि आंबलेली खळ वापरलेल्या कागदावर पावसाळ्यात काळे ठिपके येतात. बुरशी. त्यावर इलाज नाही.

## टप्पा ४: शिंपल्याची पूड

1. शिंपले धुऊन, आतली घाण काढून, बरेच दिवस उन्हात आणि पाण्यात आलटून पालटून ठेवा. जुना, ठिसूळ झालेला शिंपला लवकर कुटला जातो.
2. खलबत्त्यात कुटा. तोंडाला कापड बांधा, ही धूळ छातीत जाऊ देऊ नका.
3. कुटलेली पूड बादलीभर पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा, वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाला राहिलेलं जाड परत खलबत्त्यात.
4. दुधाळ पाणी रात्रभर निवळू द्या. सकाळी वरचं पाणी काढून टाका, खालचा गाळ कापडात बांधून निथळा आणि त्याचे गोळे करून सावलीत वाळवा.

चाळणीने चाळून भागेल असं वाटतं. भागत नाही, निवळून घेतलेली पूड आणि चाळलेली पूड बोटाला वेगळी लागते, डोळ्यालाही.

> सावधान: शिंपले भाजू नका. भाजला की शिंपला लवकर फुटतो खरा, पण भाजलेल्या शिंपल्याचा चुना होतो. हात पोळतात, मोत्याचे पापुद्रे नष्ट होऊन चमक जाते, आणि वरचे वनस्पतीचे रंग चुन्याने पालटतात. हळदीत चुना पडला की काय होतं ते कुंकू लावणाऱ्यांना सांगायला नको.

## टप्पा ५: कागदाला लेप

इथे घाई करणाऱ्यांचे निम्मे कागद जातात.

एक भाग शिंपल्याची पूड, तीन भाग पातळ खळ, नीट कालवून परत एकदा गाळून घ्या. कागद गुळगुळीत फळीवर पसरा. डोंग होमध्ये लेप लावायला पाइनच्या सुयांचा रुंद कुंचा वापरतात आणि त्या ताठ सुयांमुळेच लेपात त्या ओळखीच्या समांतर रेषा उमटतात. तो नसेल तर भिंतीला चुना मारायचा कुंचा घ्या, नवा, नीट धुऊन, टोकं सारखी कापून. मऊ ब्रश नको, रेषा येत नाहीत, सपाट पांढरं होतं, भिंत रंगवल्यासारखं.

कुंचा बुडवा, काठावर निथळा, आणि कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात ओढा. मग शेजारचा पट्टा. मागे-पुढे घासायचं नाही. ओला असताना कागद तिरका धरून बघा, कुंच्याच्या प्रत्येक सुईमागे एक बारीक वरंबा आणि शेजारी सरी दिसते, सरीत कागदाचा मूळ रंग, वरंब्यावर दुधाळ थर. वाळल्यावर ह्याच वरंब्यांवर चमक धरते. घासाघीस केलीत की वरंबे मोडतात आणि ते परत येत नाहीत.

दोरीवर टाकून सावलीत वाळवा. उन्हात वाळवला तर कडा वळतात आणि ठसा नीट टेकत नाही. ज्यांना रंगीत पार्श्वभूमी हवी त्यांनी लेपात रंगाचा काढा घालायचा, पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा तांबूस किंवा फुलांचा पिवळा.

> तपासा, हे चुकवू नका: वाळलेल्या कागदावर कोरडा अंगठा दाबून ओढा. पांढरं लागलं तर खळ कमी पडली, त्या कागदावर छापू नका, वरून अगदी पातळ खळीचा हात मारून परत वाळवा. कागद हळूच वाकवल्यावर लेप तडकला तर खळ जास्त झाली, तो कागद सरावाला ठेवा. "चमक बोटाला लागते" ही तक्रार इथेच सुटते, छपाईपर्यंत न्यायची नाही.

## टप्पा ६: बाकीचे रंग

लाल. तिकडे टेकड्यांवरचे लाल खडे कुटून दळतात. आपला चांगला गेरू त्याच जातीचा रंग आहे. शिंपल्यासारखाच निवळून घ्यायचा. पतंगाच्या लाकडाच्या ढलप्या उकळून, तुरटी घालून गुलाबीसर लाल मिळतो, पण तो काढा असतो, गेरूसारखं अंग त्याला नाही, ठशावरून छापायला थोडी शिंपल्याची पूड घालून जाड करावा लागतो.

पिवळा. तिकडे होए नावाच्या झाडाच्या फुलांच्या कळ्या कढईत भाजून मग उकळतात. भाजताना करपवायच्या नाहीत, रंग पालटला की उतरवा. दुसरा पिवळा तिकडे अनंताच्या फळांतून काढतात. आपल्या दारातही अनंत असतो, पण तो बहुतेक डबल पाकळ्यांचा, त्याला फळ धरत नाही, तेव्हा त्याच्याकडे आशेने बघू नका. डाळिंबाची साल आणि तुरटी हा इथला सोपा पर्याय. हळद नको, सहा महिन्यांत उजेडाने उडून जाते.

निळा निळीचा. निळीचे खडे पाण्यात विरघळत नाहीत, खळीतच खलत बसावं लागतं, अर्धा तास गृहीत धरा. हिरव्यासाठी जुने कारागीर तांब्यावरचा जंगाल वापरायचे. तो विषारी आहे. घरी लहान मुलं असतील तर निळ्यात पिवळा मिसळा आणि विषय संपवा.

पांढरा म्हणजे तीच शिंपल्याची पूड, जाड खळीत.

> सावधान: पतंग, डाळिंब, फुलं, काहीही लोखंडी कढईत उकळू नका. पतंग जांभळट-काळा पडतो, पिवळा शेवाळी होतो. स्टील वापरा.

प्रत्येक रंग जाड खळीत मिसळताना आधी रंग पाण्यात पूर्ण ओला करा, मग खळ. कोरडी पूड सरळ खळीत टाकली की डोळ्यांना न दिसणाऱ्या गुठळ्या राहतात आणि छापल्यावर पांढरे ठिपके.

## टप्पा ७: ठसे

रेघांच्या ठशाला तिकडे थी नावाचं लाकूड घेतात, आपल्या टेंभुर्णीच्या वंशातलं, घट्ट आणि बारीक रेषांचं, त्यामुळे केसासारखी रेघ कोरली तरी तुटत नाही. रंगाच्या ठशांना मऊ लाकूड, कारण त्याने रंग प्यायला पाहिजे. हा भेद पाळा. सगळे ठसे एकाच कडक लाकडाचे केले की रंग पृष्ठभागावर गोळा होतो आणि दाबल्यावर कडेने बाहेर येतो, मग लोक म्हणतात खळ पातळ झाली. आपल्याकडे रेघेला शिसम आणि रंगाला शिवण घ्या, सुताराकडून रंधा मारून गाठी नसलेले तुकडे.

1. चित्र पातळ कागदावर शाईने काढा.
2. कागद उलटा, म्हणजे चित्राचा भाग लाकडाकडे, रेघांच्या फळीवर चिकटवा. सुलटा चिकटवला तर छापल्यावर आरशातलं चित्र येतं. चित्रात अक्षरं असतील तर फजिती पक्की.
3. कोरताना रेघेच्या दोन्ही बाजू उतरत्या ठेवा, पायाशी रुंद, माथ्याला बारीक. सरळ उभी भिंत कोरली तर ती ओलाव्याने कधीतरी मोडतेच.
4. ठसा पूर्ण झाला की त्याचे पातळ कागदावर काळे छाप काढा, जितके रंग तितके. तेच छाप उलटे करून रंगाच्या फळ्यांवर चिकटवा आणि त्या त्या रंगाचा भाग सोडून बाकी कोरून काढा.

चौथा मुद्दा परत वाचा. लोक मूळ चित्र ट्रेस करून रंगाचे ठसे कोरतात आणि मग ते जुळत नाहीत, कारण कोरताना रेघ आपल्या नकळत थोडी इकडे तिकडे गेलेली असते. रंग कोरलेल्या रेघेशी जुळायला हवेत, मनातल्या चित्राशी जुळून काय उपयोग.

पहिलं चित्र म्हणून डोंग होचं उंदराच्या लग्नाच्या मिरवणुकीचं चित्र घेऊ नका, आकृत्या फार आहेत. तिथलंच डुकरीण आणि तिची पिल्लं हे चित्र घ्या, मोठे सपाट आकार आहेत. फक्त अंगावरची ती गोल भोवऱ्याची खूण सावकाश कोरा, तिथे पटाशी लाकडाच्या रेषेच्या आडवी येते आणि ढलपी उडते. अरुंद गोल छिन्नीने, दोन्ही बाजूंनी मध्याकडे.

## टप्पा ८: छपाई

कागदाची चळत एका कोपऱ्यात पक्की धरून ठेवा, कोपरा टेकायला दोन खुणा किंवा खिळे मारा. सगळे ठसे ह्याच दोन खुणांशी टेकवायचे, "नजरेने लावतो" हा आत्मविश्वास तिसऱ्या रंगापर्यंत टिकतो.

1. सपाट पाटीवर कुंच्याने रंगाचा एकसारखा थर पसरा. ठशाला थेट ब्रशने रंग लावू नका, कोरलेल्या खळग्यांत जातो.
2. ठसा मागच्या मुठीने धरून पाटीवर दोनदा दाबा.
3. चळतीवरच्या पहिल्या कागदावर खुणेला टेकवून दाबा. आता ठसा उचला. कागद ठशाला चिकटून वर येतो. घाबरू नका, तसंच व्हायला हवं.
4. ठसा उताणा करा, कागद आता वर आहे. त्याच्या पाठीवर घोसाळ्याची जाळी गोल गोल फिरवा, मध्यापासून कडेकडे. कागदाच्या पाठीवर रंगाची सावली दिसायला लागते, ती सगळीकडे सारखी आली की थांबा.
5. एका कोपऱ्याने सोलून काढा आणि दोरीवर.

जाळीच का, चमचा का नाही? चमच्याने रेघेच्या जागी कागद खोल दबतो आणि लेप फुटतो. जाळी खरखरीत पण दबणारी असते.

आधी लाल, सगळ्या कागदांवर. वाळू द्या. मग निळा-हिरवा, मग पिवळा, पांढरा, आणि अगदी शेवटी काळा. दोन रंगांमध्ये कागद पूर्ण वाळलाच पाहिजे, वरून कोरडा दिसणं पुरेसं नाही, कारण ओला कागद पसरलेला असतो आणि वाळल्यावर आकसतो, म्हणजे पुढचा ठसा खुणेला कितीही नीट टेकवला तरी सरकणारच.

> तपासा: कागद गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे.

काळ्याच्या दिवशी पहिले दोन-तीन छाप रद्दी कागदावर काढा. रेघेच्या कडेला केसांसारखी तुसं फुटली तर रंग पातळ आहे, खळ वाढवा. रेघ मध्ये तुटली तर रंग घट्ट आहे किंवा पाटीवर वाळलाय, पाण्याचा हात मारा. रेघेभोवती चमकदार ओला काठ दिसला तर पाटीवरचा थर जाड झालाय, कुंच्याने परत ओढून पातळ करा, ठसा कापडाने टिपा, मगच पुढचा कागद.

काम संपलं की ठसे लगेच साध्या पाण्याने धुवा, साबण नको, आणि सावलीत उभे ठेवून वाळवा. आडवे ठेवले तर एक बाजू आधी वाळून फळी वाकते. रात्री दमून तसेच सोडले तर सकाळी खळ खळग्यांत दगडासारखी बसलेली असते आणि ती खरवडताना पहिली मोडते ती पिल्लाची शेपटी.